राखेनं घासलेली बाटली

मुरबाडच्या प्रयोगशाळेत लागले तेव्हा आईला माझं काम समजावताना माझ्या नाकी नऊ आले. वीतभर स्टीलची नळी, आत बारीक पूड ठासलेली. तिला कॉलम म्हणतात. डांबरातले, धुरातले तेलकट पदार्थ द्रावणाबरोबर तिच्यातून सोडले की लहान रेणू पुडीला फारसे चिकटत नाहीत, आधी बाहेर पडतात. मोठे रेंगाळतात.

"म्हणजे बाजारात तू आणि बाबा," मी म्हटलं. बाबा अर्ध्या तासात घरी. आईला मात्र दर चार पावलांवर कुणीतरी भेटतं. तिला ते लगेच पटलं, थोडा रागही आला.

मग रस्त्याच्या कामात डांबराचं पिंप आमच्या परसातल्या विहिरीशी उलटलं. आम्ही तिचं पाणी पिणं सोडलं. आई गुडघा दुखत असताना ओढ्यापलीकडून दोन-दोन हंडे आणायची. मला ते बघवत नव्हतं.

"तुझ्या नळीला इचार ना गो, आमचं पानी बरं हाय का नाय," ती म्हणाली. मी तिला पाणी भरून ठेवायला काचेची बाटली दिली आणि प्रयोगशाळेतल्या साहेबांची परवानगी काढली.

ते पाणी नळीतून सोडलं तर कागदावरच्या रेघेत एकामागून एक टोकं उठली, एकेक टोक म्हणजे एकेक तेलकट पदार्थ; उशिरा येणारी तर चांगलीच उंच. विहीर गेली, असंच घरी सांगितलं.

"बाटली तर मी राखेनं लख्ख घासलेली, दोनदा," आई म्हणाली.

मी कपाळावर हात मारला. चुलीतली राख, काजळीसकट! धुरातली ती रेंगाळणारी मंडळी बाटलीतच बसली होती. मी आईवर ओरडले.

"मंग आमी जन्मभर भांडी कशानं घासली गो?" तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने साबणाची वडी आणली.

पुढच्या बाटल्या प्रयोगशाळेतूनच धुऊन, बंद करून आणल्या. पाणी मी स्वतः भरलं. आई हात पाठीमागे धरून उभी. वेगवेगळ्या दिवशी तीनदा तपासलं. तिन्ही वेळा रेघ सपाट. साहेबांनी "पाणी प्यायला हरकत नाही" म्हटलं, तेव्हा मला तिथेच रडू फुटलं.

मी घरी येऊन सांगितल्यावर आईने विहिरीतून पाणी शेंदलं आणि ती ओंजळीने पोटभर प्यायली. मग ओढ्याच्या वाटेवर हंड्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची चुंबळ तिने उचलून माळ्यावर टाकून दिली.