शेजारी फोडणी बंद होती

"बाळ निजलाय म्हणून सांग गो, आपोआप जाईल ती," शेजारच्या काकी वहिनीला हळूच म्हणाल्या. गल्लीच्या तोंडाशी लसीची निळी पेटी घेतलेली सिस्टर दिसत होती. बाळ मात्र वहिनीच्या कडेवर टक्क जागं होतं.

मी आत पुस्तक उघडून बसले होते. शहापुरातल्या आमच्या भाड्याच्या खोल्यांच्या भिंती इतक्या पातळ, की कान लावायचीही गरज पडत नाही.

मागच्या इंजेक्शननंतर बाळाची मांडी सुजली, अंग तापलं. ताप येऊ शकतो हे सिस्टरने आधी सांगितलंच नव्हतं. वहिनीचं गोदामातलं पॅकिंगचं काम बुडालं, आणि त्या पेटीवरचा तिचा विश्वास उडाला. माझाही फारसा नव्हता. काहीही विचारलं तरी सिस्टरचं उत्तर एकच: "द्यायचं असतं." पण आता बाळाच्या गोवराच्या लसीची वेळ आली होती, आणि ती चुकू नये असं मला वाटत होतं.

कारण माझा खरा संशय काकींवर होता. काकी मूळच्या वैशाखरे गावच्या. रोज संध्याकाळी त्यांच्याकडून सुकटीचा वास यायचा. गेले काही दिवस फोडणीचा चर्र आवाजच नव्हता. पडदा दिवसाही ओढलेला. त्यांची नात एरवी आमच्या उंबऱ्यावर बसून माझ्या इंग्रजीची नक्कल करायची, तीही दिसेना. विचारलं तर, "मामाकडं गेली, किन्हवलीला." मग भिंतीपलीकडे खोकत कोण होतं? सकाळी वाऱ्याने पडदा उडाला, तेव्हा आतल्या चौकटीला कडुनिंबाची डहाळी दिसली.

आमच्याकडेही हे पाळतात. गोवर उठला की घरात देवी आली म्हणायचं. फोडणी द्यायची नाही, परक्याला आत घ्यायचं नाही, सुई तर नाहीच. काकी देवीचंच पाळताहेत, असं मी स्वतःला समजावत होते. पण वहिनी कामावर गेली की बाळ काकींकडे असायचं. हल्ली त्या बाळाला आपल्या खोलीत न नेता आमच्याकडे येऊन सांभाळायच्या. म्हणजे बाळाला लागण होईल ही भीती त्यांनाही होतीच. मी बोलले आणि त्या रुसल्या, तर बाळाला कोण बघणार?

सिस्टर दारात आली. "कुणाला ताप, अंगावर पुरळ?"

"नाय ओ. आमच्या गल्लीत कोण आजारी नाय," काकी म्हणाल्या.

"आणि हे बाळ?"

"निजलाय," वहिनी घाईने म्हणाली. तेवढ्यात बाळाने सिस्टरची ओढणी पकडली.

"झोपेत बरेच हात चालतात याचे!"

काकी हसल्या. वहिनी नाही हसली. सिस्टरने ओढणी सोडवून घेतली आणि आग्रह न करता ती पुढच्या दाराकडे वळली.

मी बाहेर आले.

"आल्या मॅडम," काकी म्हणाल्या. "आता विंग्रजीत सांगतील." पण त्यांचा एक हात आपल्या दाराच्या पडद्यावर होता, घट्ट.

वहिनी माझ्याकडे बघत होती, बोलू नको अशा नजरेने.

"सिस्टर, थांबा," मी म्हणाले. "काकींच्या नातीला गोवर आलाय, ती आतच आहे. आधी तिला बघा. मग आमच्या बाळाला लस द्या. आणि ताप आला तर काय करायचं, ते या वेळी वहिनीला नीट सांगून जा."