तारण झालेल्या माणसाचे डोळे

"तुमच्या सरांना मोठं पुण्य लागेल," असं मी म्हणाले आणि सगळं बिघडलं.

शरणपूर रोडवरचं घर, दुपारचे बारा. गायकवाड सर, निवृत्त शिक्षक, सकाळी आठला वारले होते. नेत्रदानाचा फॉर्म त्यांनी स्वतः भरलेला. पण घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय आम्हाला हात लावता येत नाही. आणि डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. म्हणजे दोनपर्यंतच!

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नेत्रपेढीत डॉक्टर होते. पुण्याईचं ते वाक्य घरोघरी चालायचं. इथे मात्र सरांचे थोरले भाऊ, चर्चच्या मंडळीचे पंच, एकदम ताठ झाले.

"डॉक्टरबाई, आम्ही पुण्य जमवत नाही. आमचं तारण प्रभूवरच्या विश्वासाने होतं, कर्मांनी नाही. माझ्या भावाला आता कशाचीच गरज नाही."

झालं! मी स्वतःवरच चरफडले. आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात दिंडोरीची हिराबाई पडून होती. द्राक्षाची छाटणी करताना काडी लागून डोळ्यात बुरशी झालेली. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, आज-उद्या फुटणार होता. तो बदलला नाही तर डोळा गेला. आणि दुसरा डोळा लहानपणीच गेलेला.

हे सगळं मी भडाभडा सांगितलं. भाऊ म्हणाले, तिच्यासाठी आम्ही प्रार्थना करू. अगदी मनापासून म्हणाले, म्हणून तर माझं डोकं जास्तच तापलं. साडेबारा वाजून गेले होते.

सरांच्या पत्नी, सरोजबाई, इतका वेळ त्यांच्या उशाशी बसून डोळ्यांवरचा ओला कापूस बदलत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचं तारण झालंय ना?"

"झालंय. शंकाच नाही."

"मग ह्यांना स्वतःसाठी काही मिळवायचं राहिलं नाही. आता जे द्यायचं, ते नुसतं दुसऱ्यासाठी. असं देणं ह्यांनी नाही करायचं, तर कुणी करायचं?"

मग भाऊंनीच उठून माणसांना खोलीबाहेर नेलं. सरोजबाईंनी सही केली.

काम वीस मिनिटांचं. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसले आणि थेट हॉस्पिटल गाठलं. संध्याकाळी ऑपरेशन झालं. काही दिवसांनी हिराबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "आवाजावरनं मला वाटलं, तुम्ही लय धिप्पाड असाल." बघून म्हणाली! मी सिस्टरला मिठीच मारली.

पुढे महिन्याभराने सरांचे भाऊ नेत्रपेढीत आले आणि त्यांनी फॉर्म मागितला. मी काही विचारणार, तेवढ्यात म्हणाले, "माझंही तारण झालंय, डॉक्टरबाई."

मी गुपचूप पेन पुढे केलं. कुठल्या घरात काय बोलावं, हे आम्हाला मेडिकल कॉलेजात शिकवलं नव्हतं. गप्प कधी बसावं, हेही नाही.