कुलपाची जोडी

सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली, तेव्हा सगळे म्हणाले, सूनच वाचा-उपचार करणारी, नशीब काढलंत! नशीब कसलं? ती दिवसभर परक्यांना बोलतं करायची आणि घरी सासरे एकटे. एकदा ते जिन्यात पडले, तेव्हापासून निघताना ती बाहेरून कुलूप लावू लागली. "त्यांच्याच भल्यासाठी," नवरा म्हणाला. दोघांनी तो विषय तिथंच मिटवला.

तिच्या प्रयोगशाळेतल्या सरांनी संगणकात एक न्यूरल नेटवर्क, म्हणजे मेंदूच्या धर्तीवर शिकणारं यंत्र, उभं केलं होतं. एरवी ते चित्रांच्या जोड्या बिनचूक लावायचं. मग सर त्यातल्या काही जोडण्या तोडायचे, की ते झटका आलेल्या रुग्णांसारखं चुकायला लागायचं.

"चुकासुद्धा जुळल्या, म्हणजे माणूस विचार कसा करतो ते हाती लागलंच की!" सर म्हणायचे.

यंत्राशी ताडून बघायला रुग्ण कमी पडत होते, म्हणून तिनं सासऱ्यांना नेलं.

टेबलावर कुलपाचं चित्र ठेवलं होतं. त्याच्या जोडीला निवडायला दोन चित्रं: चावी, आणि खुर्चीत बसलेला म्हातारा. सासऱ्यांनी डाव्या हातानं कुलूप उचललं, म्हाताऱ्यावर ठेवलं आणि तिच्याकडे बघत राहिले.

"बाबा, नीट बघा हं."

त्यांनी कुलूप तिथंच दाबून धरलं.

तिनं खाली मान घालून 'चूक' अशी नोंद केली.

"अहो, यंत्रानंही अगदी हेच केलंय!" सर खूश झाले. "तुमचे सासरे म्हणजे हुकमी एक्का!"

ती हसली. ते हसणं रात्रभर तिला टोचत राहिलं. तरी सकाळी तिनं पुन्हा कुलूप लावलंच.

"सर, कालची ती चूक नव्हती," आल्या आल्या ती म्हणाली. "मी त्यांना घरात कोंडून येते. रोज."

सरांनी यंत्राच्या नोंदी पुढं ओढल्या. "पण मग यंत्रानं तेच कसं केलं?"

"त्याला कुठं कुणी कोंडलंय? त्याची ती चूकच."

"जाऊ द्या हो, एका चित्रानं काय बिघडतंय!"

"माझं बिघडलंय," म्हणून तिनं 'चूक' खोडली आणि रजा टाकून घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून ती दार उघडं टाकून निघाली. दिवसभर जीव टांगणीला. संध्याकाळी येऊन बघते तर सासरे दारातच खुर्ची ओढून बसलेले. कुठंही गेले नव्हते. तिला पाहून त्यांनी खुर्ची जरा सरकवली आणि तिला आत जायला वाट करून दिली.