शोकेसमधला क्लास ए

अन्याय माधव लिमये यांच्यावर झाला. गेल्या सोमवारी, सकाळी सव्वादहा ते अकरा. अर्धांगवायूमुळे लिमयेकाकांना पलंगावरून उठता येत नाही. त्यांच्या उशापासून चार फुटांवर ॲम्प्लिफायर तापत होता आणि घराला बाहेरून कुलूप होतं.

मी हाय-फायच्या दुकानात टेक्निशियन आहे. वारज्यात एका घरी वायरिंग करत होते, तेव्हा लिमयेकाकूंचा फोन आला.

"अगं, तुमच्या दुकानातून घेतलेल्या ॲम्पला वास येतोय. मघाशी निघताना आला. सवडीने येऊन बघशील?"

"बंद केलात ना?"

"नाही गं, मी भाजीला आलेय. ह्यांना एकटं वाटू नये म्हणून रोज गाणं लावूनच निघते."

"कसला वास, काकू?"

"फर्निचरच्या पॉलिशसारखा."

पॉलिशचा वास म्हणजे लाकूड तापतंय. "किल्ली घेऊन आत्ताच्या आत्ता घरी पोचा," एवढंच म्हणाले नि गाडी काढली.

कोथरूडपर्यंत प्रत्येक सिग्नलला डोक्यात तेच. क्लास ए ॲम्प म्हणजे टपरीवरचा स्टोव्ह. गिऱ्हाईक असो नसो, पूर्ण पेटलेला. गाणं हळू करा, थांबवा, तो वीज तेवढीच खातो आणि तिची उष्णता करतो. आवाज गोड, म्हणून लोक घेतात. पण त्याला चहूबाजूंनी हवा लागते. काकूंकडे तो काचेच्या शोकेसमध्ये, दार लावून. जोडायला गेले तेव्हा मी म्हणाले होते, "दार उघडं ठेवा." "धूळ बसेल," त्या म्हणाल्या. मी वायरी जोडून निघून आले. आणि स्पीकर? काकांचे जुने, भिंतीला टेकलेले. त्यांच्या पाठीवरचा ओहमचा आकडा मी वाचलाच नव्हता. ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो अडथळा. अडथळा कमी, तर ॲम्पवर भार जास्त.

जिन्यातच जळका वास होता. काकू दाराशी किल्ली चाचपडत होत्या. मी दाराला कान लावला. आत गाणं नव्हतं.

"बंद पडलंय गं," काकू म्हणाल्या.

किल्ली मी फिरवली. खोलीभर धूर. शोकेसची फळी काळी पडलेली, काच तडकलेली. आधी भिंतीवरचा स्विच बंद केला, मग खिडक्या उघडल्या. पलंगाकडे बघायचं धाडस त्यानंतर झालं.

काका खोकत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हाका मारून दमलो," ते म्हणाले. "मग गाणंही थांबलं. म्हटलं, शेजारी खूश झाले असतील."

ॲम्पचा फ्यूज उडाला होता, म्हणून आग लागली नाही. स्पीकर फिरवून पाहिले. चार ओहम. ॲम्पच्या मागे छापलेलं होतं: किमान आठ.

दुपारी दुकानात मालकांना विचारलं, "हा ठेवणार कुठे, हे विकताना विचारलं होतंत?"

"आपण फर्निचर विकत नाही."

"स्पीकर कुठले, ते तरी विचारलंत?"

"मॅन्युअलमध्ये सगळं लिहिलेलं असतं."

"इंग्रजीत. शेवटच्या पानावर. मुंगीच्या अक्षरात."

"मग जोडायला तू गेली होतीस ना?"

गेले होते. ते नाकारत नाही.

शेवटी ॲम्प बदलून दिला. आता तिथे क्लास डी आहे. तो वीज झपाट्याने चालू-बंद करत काम करतो, त्यामुळे फारसा तापत नाही, आणि चार ओहमही त्याला झेपतात. शोकेसच्या बाहेर, उघड्यावर ठेवलाय.

"आवाज जरा कोरडा आहे," काका म्हणाले. "चालेल. पुण्यातच राहतो आपण."

मी एक कागद छापून काउंटरवर चिकटवला: ॲम्प कुठे ठेवणार? स्पीकर किती ओहमचे? मालकांनी तो संध्याकाळी काढला. "गिऱ्हाईक घाबरतं," म्हणाले. घाबरलंच पाहिजे. मी अजून घाबरते.

म्हणून हे तुम्हालाच सांगते. ॲम्प घ्यायला जाल तेव्हा स्पीकरच्या पाठीचा आणि ठेवायच्या जागेचा फोटो दुकानदारासमोर धरा. 'या जागी, या स्पीकरांवर चालेल' एवढं सहीनिशी लिहून मागा. देत नसेल तर उठा आणि बाहेर पडा. दुकान आमचं असलं तरी.