साच्याची ऊब

वहिनींच्या कारखान्यात डब्यांची प्लास्टिकची झाकणं साच्यातून बनतात. गिऱ्हाईक नमुना न्यायला निघालं होतं. मला उकडत होतं, म्हणून मी पंखा वळवला, तर वारा थेट साच्यावर. पुढची झाकणं कोपऱ्यांत अर्धवट भरलेली निघाली.

"भावोजी, त्याला मी सकाळपासून गरम पाणी पाजतेय आणि तुम्ही वारा घालताय?"

खरंच, साच्याच्या पोटातल्या वाटांतून गरम पाणी फिरत होतं. साचा गार पडला की वितळलेलं प्लास्टिक वाटेतच आखडतं, नव्या जावयासारखं. ऊब मिळाली की कानाकोपऱ्यात पसरतं. पाहुणा यायच्या आधी लोखंडानं ऊब धरून ठेवावी, ही रीत मला फार आवडली.

पंखा बंद करून मी घामाघूम उभा राहिलो. थोड्या वेळानं वहिनींनी नवं झाकण डब्यावर दाबलं. टक्कन बसलं.

"आता तुम्हीही बसा," त्या म्हणाल्या, "पंख्यापासून लांब."