चाळीस बटणं आणि एक तळहात

चौदा मार्चला दादांनी ३,४८५ रुपये भरले आणि बदल्यात दुकानात टाचणीसुद्धा आली नाही. दुकानाच्या वेबसाइटच्या प्रती लांबलांबच्या शहरांत ठेवण्याचं ते पहिल्या महिन्याचं भाडं होतं. अडतीस वर्षं पार्सलची सुतळी सोडवून, गुंडाळून पुन्हा वापरणाऱ्या माणसाने न दिसणाऱ्या जागेचं भाडं भरावं, याचं सगळ्यांनाच नवल वाटलं.

दुकान बटणांचं. भिंतभर लाकडी खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या मालातलंच एक बटण शिवलेलं. दादांना खण बघावा लागत नसे. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता हात मागे जाई आणि नेमकं हवं ते बटण घेऊन येई. शाळेत गणितात दोनदा आपटलेला हा माणूस, पण बटण बोटांत धरलं की मिलिमीटर बिनचूक सांगणार.

वेबसाइट काढली ती त्यांच्या बायकोने, नऊ वर्षांपूर्वी. सगळा बाजार तिला वहिनी म्हणे. दादांनी मात्र तिला जन्मभर ‘अगं’ एवढ्याच नावाने हाक मारली. तिने एकूण दोन हजार एकशे साठ बटणांचे फोटो काढले. एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यावर बटण. वेगळं टेबल मांडायला दुकानात जागाच नव्हती. त्यामुळे प्रत्येक फोटोत तिचा डावा तळहात आला, अंगठ्याशी इस्त्रीचा जुना चटका होता तोही आला. दोन वर्षांपूर्वी ती गेली. फोटो राहिले.

फोटो होते मात्र वजनदार. परदेशातले शिवणकामाचे कारखाने पान उघडत आणि ते पुरतं दिसायला अकरा सेकंद लागत.

“अकरा सेकंद!” दादांचा धाकटा भाऊ म्हणाला. “गिऱ्हाईक काय तिथे तप करत बसणार आहे का, दादा? पुढच्या दुकानात जाऊन माल घेऊन मोकळं होतं ते.”

त्याचं म्हणणं होतं की जुने फोटो काढून टाकावेत आणि पांढऱ्या कागदावर बटणं ठेवून नवे, हलके फोटो घ्यावेत. दादांनी कागद महाग झालाय असं काहीतरी पुटपुटून विषय टाळला. शेवटी वेबसाइट सांभाळणाऱ्या बाईंना बोलावलं. बाई पन्नाशीच्या, स्पष्ट बोलणाऱ्या.

“तुमचं गोदाम एकच आहे ना? आणि समुद्रापलीकडच्या माणसाला प्रत्येक फोटो इथून जातोय. त्यापेक्षा ठिकठिकाणी त्याच फोटोंच्या प्रती ठेवू. ज्याला जे ठिकाण जवळ, त्याला तिथून मिळेल. याला सीडीएन म्हणतात.”

“म्हणजे शाखा,” दादा म्हणाले.

“शाखाच म्हणा.”

“आणि फोटो तेच राहतील?”

“तेच राहतील.”

दादांनी लगेच होकार दिला. आठवड्याभरात अकरा सेकंदांचे दोन झाले. पण धाकट्याने हट्ट सोडला नाही. वेग आला ते ठीक, पण जग कुठे गेलं आणि आपण अजून तळहातावर बटण घेऊन उभे! अखेर तडजोड ठरली. एप्रिल आणि मे, दोन महिने चाळीस बटणांचे फोटो पांढऱ्या कागदावरचे लावायचे. विक्री घटली नाही, तर जूनमध्ये सगळे दोन हजार एकशे साठ बदलायचे. दादांनी शब्द दिला. शब्द दिल्यावर ते मागे फिरत नसत, हे धाकट्याला ठाऊक होतं.

ते चाळीस फोटो दादांनी स्वतः चढवले. दुसऱ्या कोणी चढवलेले त्यांना बघवले नसते. मग बाईंनी फोनवर सांगितलं, “आता सगळ्या ठिकाणच्या जुन्या प्रती काढा. यादी दिसेल, पुढे खुणा करा.” यादीत चौदा शहरं होती. दादांनी फक्त आपल्या शहरापुढे खूण केली आणि यादी बंद केली. नवा माल आला म्हणून शाखेतला जुना माल कोणी फेकून देत नाही; आधी जुना खपू द्यायचा, मग नवा काढायचा, हा त्यांचा अडतीस वर्षांचा शिरस्ता. लांबच्या शहरांतल्या प्रती बघता बघता संपतील, असा त्यांचा साधा हिशेब होता. मनात दुसरं काही नव्हतं असं ते सांगतात, आणि ते खोटं बोलणाऱ्यांतले नाहीत.

मेच्या मध्यापर्यंत सात पार्सलं परत आली. सातही याच शहरातली. सातवं घेऊन मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाई स्वतःच आल्या.

“दादा, हे कोटाचं बटण म्हणायचं की बाहुलीच्या झग्याचं?”

“अहो, फोटोखाली माप लिहिलंय की. अकरा मिलिमीटर.”

“मिलिमीटर कोण वाचतंय! मी आपली वहिनींच्या करंगळीच्या पेराशी ताडून बघायची. नऊ वर्षांत एकदा चुकले नाही. आता त्या कोऱ्या कागदावर काय ताडू, माझं कपाळ?”

धाकटा म्हणाला, “आपल्याच लोकांना वाचायचा कंटाळा. लांबच्यांचं एकतरी पार्सल परत आलंय का?”

खरंच आलं नव्हतं. उलट तिकडची मागणी वाढली होती. जून पंधरा दिवसांवर आला होता, आणि शब्द देऊन बसलेले दादा कॅलेंडरावरचे दिवस मोजू लागले. त्यांनी बाईंना बोलावून नीट तपासायला सांगितलं. बाईंनी एकेका शहराचं पान उघडलं आणि चष्मा वर सरकवला.

“दादा, तिकडे अजून जुनेच फोटो दिसताहेत. तळहातावरचे. जुन्या प्रती काढल्या नाहीत का?”

“खपतील म्हटलं.”

बाई आधी हसल्या, मग त्यांचा चेहरा बघून थांबल्या. “अहो, प्रत म्हणजे माल नव्हे. कितीही जणांनी पाहिली तरी ती तेवढीच राहते. आपण काढेपर्यंत.”

“संपत नाही?”

“बघून संपत नाही.”

म्हणजे दीड महिना तेरा शहरांत वहिनींचा हात बटणं दाखवत होता आणि एकही माप चुकलं नव्हतं. एका शहरातून तो काढला, तिथूनच सात पार्सलं परत आली. यापेक्षा चोख चाचणी कोणी ठरवूनही केली नसती. दादांनी धाकट्याकडे पाहिलं. तो एक खण उघडून बटणं उगाच खालीवर करत होता.

“हरलास की रे,” दादा हळूच म्हणाले.

“विक्रीचं नव्हतंच ते,” धाकटा खणाकडे बघत म्हणाला. “रोज सकाळी मागण्या बघायला साइट उघडतो, तर पहिला वहिनीचा हात. आई गेल्यावर त्याच हाताने मला भरवलंय तिने. इस्त्रीचा तो चटकासुद्धा माझ्या शाळेच्या शर्टापायी. आठ वाजता दुकान उघडायचं आणि आठ वाजून पाच मिनिटांनी डोळे पुसायचे, हे किती दिवस करू?”

दादांना हे कधी कळलंच नव्हतं. ते तर तेवढ्यासाठीच साडेसातला दुकानात येत असत.

“मग साडेसातला ये,” ते म्हणाले. “दोघं मिळून बघू.”

चाळीस जुने फोटो धाकट्याने परत चढवले. या वेळी यादीतल्या चौदाही शहरांपुढे त्याने खूण केली, एकेक नाव मोठ्याने वाचून. पांढऱ्या कागदाचा गठ्ठा बिलं लिहायला कामी आला. परत आलेल्या सहा पार्सलांचा टपालखर्च ज्याचा त्याला पोचता केला. शिंपीणबाई चालत आल्या होत्या, त्यांचा टपालखर्च नव्हताच. पण बटणांचे बेचाळीस रुपये त्या न घेताच निघून गेल्या. ते अजून द्यायचे आहेत.