काच हातात असताना

काचवाल्याच्या दुकानात एकच नियम होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. लागलं तर ओरडायचं नाही. दारं-खिडक्यांच्या काचा कापून देणारं ते लहानसं दुकान. मधोमध जाड कापड ठोकलेलं टेबल, भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या काचा. तिथे एकाने ओरडावं आणि दुसऱ्याच्या हातातली काच निसटावी, हे सहज होण्यासारखं होतं. काचवाल्याच्या काकांचं तसं झालंच होतं. कुणाचं तरी बोट कापलं, तो किंचाळला, काकांनी मान वळवली आणि पुरुषभर उंचीची काच त्यांच्या पायावर आली. ते जन्मभर लंगडले. त्यांनीच पुतण्याला काम शिकवलं. काच कापायची हिरकणी हातात देण्याआधी हा नियम दिला. कुणी कण्हायला लागलं की काका नुसता तळहात वर करायचे. तेवढ्यावर भागायचं.

हा तळहात काचवाल्याने घरी कधी आणला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याची मुलगी ठकी चालायला लागली, धडपडायला लागली, आणि ती भोकाड पसरणार तोच याचा हात वर जायचा. काच पडेल हं, तो म्हणायचा. पोर हुशार. दोन-चार वेळा बघितलं आणि रडू गिळायला शिकली. चार वर्षांची होईतो तिचं रडणं ऐकू येईनासंच झालं होतं. शेजारच्यांची मुलं साध्या खरचटण्याने आकाशपाताळ एक करायची, तेव्हा काचवाला मिशीत हसायचा. बायको म्हणायची, मूल आहे ते, तुमच्या दुकानातला गडी नाही. त्यावर तो म्हणायचा, गडी असती तर पगार मागितला असता. विषय तिथेच मिटायचा.

बालवाडीतून फोन आला तेव्हा तो एका गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची काच बसवत होता. लगेच या, एवढंच बाई म्हणाल्या. हाताला काच बसवायची लांबी चिकटलेली तशीच घेऊन तो धावला.

झालं होतं ते असं. खेळण्यांचं कपाट बंद करताना मुलांची ढकलाढकली झाली आणि बिजागरीकडच्या फटीत ठकीचं बोट सापडलं. मुलं अंगणात पळाली. ठकी कपाटापाशी उभी राहिली. बाईंनी दोनदा दारातून हाक मारली, तिने दोन्ही वेळा मान हलवली. रुसली असेल, असं त्यांना वाटलं. तिसऱ्यांदा त्या ओढून न्यायला आल्या, तेव्हा त्यांना बोट दिसलं. वीस मिनिटं ती तशी उभी होती.

"रडणारी मुलं मी किती तरी सांभाळली," बाई म्हणाल्या. "आज पहिल्यांदा मला मुलाची भीती वाटली."

ठकी बाकावर बसली होती. बोटाला पट्टी, चेहरा पांढराफटक. बापाला बघताच तिने दुसरा हात वर केला. तळहात समोर, बोटं जुळवलेली. हुबेहूब काकांचा.

"बाबा, मी आवाज नाही केला."

ती शाबासकीची वाट बघत होती. काचवाला तिच्यासमोर खाली बसला.

"अगं, पण सांगायचं ना बाईंना."

"काच पडली असती."

"इथे कुठे होती काच?"

ठकीने खोलीभर बघितलं. "मला नाही दिसली," ती म्हणाली. "पण असते ना."

हाड शाबूत होतं. नख जाईल, पुन्हा येईल, असं डॉक्टर म्हणाले. काचवाल्याच्या कानात मात्र ठकीचे ते तीनच शब्द घुमत राहिले, पण असते ना. आपण या पोरीला कसलं जग दिलं? जिथे तिथे कुणीतरी न दिसणारी काच धरून उभं आहे, आणि हिने हूं केलं की ती फुटणार.

मग त्याने उलटा जोर लावला. पट्टी बदलताना तो म्हणायचा, रड गं, खुशाल रड. ठकी त्याच्याकडे बघायची, ओठ घट्ट मिटून. सांगून रडणारी पोर ती राहिली नव्हती.

सुट्टीच्या दिवशी ती दुकानात आली. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघत होती. आरशाची कड घासताना काचवाल्याच्या अंगठ्यात काचेचं कुसळ खोल शिरलं. रोजचंच ते. चिमट्याने उपटायचं आणि कामाला लागायचं. ओठ आपसूक मिटले. तेवढ्यात त्याला ठकी दिसली. तिचेही ओठ मिटले होते, त्याच्याच बरोबर.

त्याने आरसा टेबलावर आडवा ठेवला.

"आई गं," तो म्हणाला. घोगरा, परक्या माणसाचा वाटावा असा आवाज निघाला. मग तो पुन्हा म्हणाला, मोठ्याने. "आई गं, दुखतंय!"

ठकी दचकली. भिंतीशी उभ्या काचा तिने एकेक करून बघितल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकही हलली नव्हती. मग तिने पट्टीचं बोट पुढे केलं. हनुवटी थरथरली, आणि इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम फुटलं. दारात आलेलं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरलं.

काचवाल्याचा तळहात सवयीने अर्धा वर गेलाच होता. त्याने तो खाली घेतला आणि काय करावं ते न सुचून तिच्या पाठीवर ठेवला.